ओलिसाचा भाव

सोमवार, रात्री

दोन अंकी फार्स लिहायला घेतलाय. तीन मित्र, डोक्यावर कर्ज, आणि त्यातल्याच एकाचं खोटं अपहरण करून त्याच्या बापाकडून खंडणी उकळायचा बेत. पात्रांना अजून नावं नाहीत. वहीत नुसतं कर्जवाला, गाडीवाला आणि ओलीस. नावं मिळाली की माणसं शहाण्यासारखी वागायला लागतात, म्हणून तो समारंभ जितका लांबवता येईल तितका लांबवणार.

पहिला प्रवेश सरसर झाला. उचलायचं कुठून, ठेवायचं कुठे, फोन कोणी करायचा. विनोदही पडले, पण सगळे धांदरटपणाचे. बुरखा उलटा घातला, दोरी तोकडी पडली, चिकटपट्टीचं टोक सापडेना. असं हसू पान उलटेपर्यंत टिकतं. मग गाडीवाल्याने सहज विचारलं, "पण मागायचे किती?" आणि तिथून मला लिहायला मजा यायला लागली.

कारण या प्रश्नाचं उत्तर ओलिसालाच द्यावं लागतं. बाप त्याचा. त्यामुळे आपला बाप आपल्यासाठी किती मोजेल, हे दोन मित्रांच्या देखत त्याने स्वतःच्या तोंडाने सांगायचं. तो ऐटीत म्हणतो, "पंचवीस लाख." दोघं गप्प. मग आपणच उतरायला लागतो. "एकदम पंचवीस नसतील घरात. पंधरा धरू. दहा तर कुठेच गेले नाहीत." कर्जवाला पेन कानावर ठेवून विचारतो, "तू नापास झालास तेव्हा ते किती दिवस बोलले नव्हते तुझ्याशी?"

"तीन महिने."

"मग पाच लिहितो."

एवढा तुकडा ठेवला. आधीची पानं गेली टोपलीत.

बुधवार

ओ. हेन्रीची 'द रॅन्सम ऑफ रेड चीफ' पुन्हा काढली. १९०७ ची गोष्ट. या प्रकारातल्या पुढच्या बहुतेक गमतींचं मूळ तिच्यात सापडतं. गोष्टीत अपहरण खरंच आहे, खोटं नाही. बिल आणि सॅम नावाचे दोन भामटे गावातल्या पैसेवाल्याचं दहा वर्षांचं कार्टं पळवून गुहेत नेतात. कार्टं खूश. घरी जायचं नावच काढत नाही. पहाटे सॅमला जाग येते ती बिलच्या किंकाळ्यांनी. बघतो तर पोरगं बिलच्या छातीवर बसलंय, एका हाताने त्याचे केस धरलेत, दुसऱ्या हातात सुरी, आणि डोक्याची कातडी सोलायचा खेळ मनापासून चाललाय.

तो प्रसंग सगळ्यांना आठवतो. यावेळी मी मात्र आकड्यांकडे बघत वाचत होतो. ठरलेली खंडणी दोन हजार डॉलर. चिठ्ठी लिहायच्या आधीच बिल गयावया करतो की या असल्या रानमांजरासाठी कोणी दोन हजार देणार नाही, पंधराशे कर. म्हणजे भाव पहिल्यांदा पाडला तो पळवणाऱ्यानेच! आणि बापाचं उत्तर येतं ते असं: तुम्हीच मला अडीचशे रोख द्या, मी त्याला परत घ्यायला तयार आहे. शिवाय रात्रीचे या, कारण पोरगं हरवलं या आनंदात असलेले शेजारी तुमचं काय करतील त्याची जबाबदारी माझ्यावर नाही. दोघं मुकाट्याने पैसे मोजतात.

बापाच्या पत्रात एकही रागाचा शब्द नाही. व्यापारी उत्तर. कोणी 'माझं लेकरू' म्हणून हंबरडा फोडला असता तर गोष्ट तिथेच मेली असती.

यानंतर 'रुथलेस पीपल' बघितला, १९८६ चा. त्यात डॅनी डेव्हिटो हा नवरा, बायकोला मारायचा बेत करून घरी येतो तर तिला आधीच कोणीतरी पळवलेलं. अपहरणकर्ते बजावतात की पोलिसांना किंवा पेपरवाल्यांना कळवलंस तर बायकोला जिवंत सोडणार नाही. हा लगेच दोघांनाही कळवतो. खंडणी पाच लाख डॉलरवरून पन्नास हजारांवर येते, तिथून दहा हजारांवर. तळघरात कोंडलेल्या बेट मिडलरला हे कळतं तेव्हा ती रडते. कोंडल्याबद्दल नव्हे, भाव उतरल्याबद्दल. तिथे मी चित्रपट थांबवून वहीत लिहिलं: ओलिसाला फोनवरचं बोलणं ऐकू आलंच पाहिजे.

माझ्या मसुद्यात ओलीस आतल्या खोलीत होता. आता तो फोनच्या शेजारीच बसणार, कान लावून.

गुरुवार

खंडणीचा फोन. सगळ्यात जास्त वेळ यातच गेला.

कर्जवाला आवाज बदलून बोलतो, पण ओलिसाच्या घरी लहानपणापासून येणं-जाणं. त्यामुळे तोंडातून पहिलं वाक्य निघतं, "काका, तुमचा मुलगा आमच्या ताब्यात आहे." काका! ओलीस कपाळावर हात मारून घेतो. कर्जवाला सावरायला जातो आणि एकदम अरेतुरेवर येतो, "ए थेरड्या, ऐकतोयस ना?" मग स्वतःच घाबरून, "म्हणजे... ऐकताय ना?" धमकी द्यायची तर एकेरीत यायला हवं आणि जीभ काही केल्या वळत नाही. या अडचणीवर अख्खा प्रवेश चालेल असं वाटतंय.

शुक्रवार

दिग्दर्शकाचा निरोप: 'फार खोटं वाटतंय. असं कोणी करत नाही.'

असं करतात. फ्रँक सिनात्राच्या मुलाचं अपहरण काढून वाचलं. डिसेंबर १९६३, लेक टाहो. मुलगा एकोणीस वर्षांचा, बापासारखाच गायक. पळवणारे तिघं, कोणीही मुरलेला गुंड नाही, आणि त्यातला म्होरक्या सिनात्राच्या मुलीचा शाळेतला मित्र. पार्सल आणल्याची बतावणी करून खोलीत शिरले. बाहेर बर्फाचं वादळ. रस्त्यात पोलिसांनी गाडी अडवली, त्यातूनही निसटले. सिनात्राने दहा लाख डॉलर देऊ केले असं सांगतात, पण यांना हवे होते दोन लाख चाळीस हजार. हिशोब आधीच मांडलेला होता आणि त्यांना तेवढेच हवे होते. पैसे मिळाले, मुलगा सुटला. मग टोळीतल्या एकाला मनावरचं ओझं पेलवेना, त्याने भावाजवळ सगळं सांगून टाकलं आणि भावाने एफबीआयला फोन केला. खटल्यात बचावाचा मुद्दा काय, तर हे अपहरण खोटंच होतं, पोराच्या प्रसिद्धीसाठी रचलेलं. ज्युरीने तो ऐकला नाही, पण पोराच्या मागे ती कुजबुज कायमची लागली.

हे दिग्दर्शकाला पाठवलं. त्याचं उत्तर आलं, 'दहा लाख नाकारले हे नाटकात घेऊ नकोस, कोणाला पटणार नाही.'

त्याच ओघात गेटीचं प्रकरणही वाचत बसलो आणि ते मात्र उगाच वाचलं असं वाटलं. १९७३, रोम. तेलसम्राट जे. पॉल गेटीचा सोळा वर्षांचा नातू. मागणी एक कोटी सत्तर लाख डॉलरची. घरच्यांना आधी संशय आला की म्हाताऱ्याचे पैसे काढायला पोराने हे स्वतःच घडवून आणलंय, कारण तो तसं चेष्टेत बोलायचा. आजोबांनी सांगितलं, मला चौदा नातवंडं आहेत, एक दमडी दिली तर चौदाही पळवली जातील. नोव्हेंबरमध्ये एका वर्तमानपत्राकडे पाकीट आलं. आत केसांची बट आणि कापलेला कान. टपालाचा संप होता म्हणून तेसुद्धा उशिरा पोचलं. मग आजोबा तयार झाले, पण बावीस लाखांपुरतेच, कारण करात सवलत मिळायची कमाल मर्यादा तेवढीच होती. वरचे पैसे त्यांनी स्वतःच्या मुलाला कर्जाऊ दिले, चार टक्के व्याजाने.

चौदा नातवंडांचा हिशोब, करसवलत, चार टक्के. सुटा सुटा प्रत्येक तपशील फार्सातला. त्यात कान आला आणि हसायची सोय राहिली नाही. जेवताना तेच डोक्यात होतं.

रविवार, वाचनानंतर

आज चौघांसमोर पहिला अंक वाचला. 'काका'वर सगळे हसले. आणि मग, येणारच होतं, कोणीतरी 'हेराफेरी' काढला. प्रियदर्शनचा, २००० सालचा, आणि त्याचं मूळ १९८९ चा मल्याळम 'रामजीराव स्पीकिंग'. एका पैसेवाल्याच्या नातीचं अपहरण खरंच झालेलं, पण टेलिफोन डिरेक्टरीत दोन नंबरांची अदलाबदल झाल्याने खंडणीचा फोन येतो बाबुराव गणपतराव आपट्यांच्या गॅरेजात. तिघंही कंगाल. मग मधल्या मध्ये आकडा वाढवून वरचे आपण ठेवायचा बेत शिजतो. म्हणजे इथेही विनोदाची किल्ली आकड्यातच. कोएन बंधूंच्या 'फार्गो'त हेच काळ्या रंगात आहे. नवरा बायकोला पळवायची सुपारी देतो. पळवणाऱ्यांना आकडा ऐंशी हजार डॉलरचा, आणि सासऱ्याला सांगतो दहा लाख. त्यावरही सासरा घासाघीस करू म्हणतो. मधल्या माणसाचं हे गणित मला फार आवडतं, पण माझ्या नाटकात मधला माणूस नाही. तिघंच पुरे.

खरी हरकत घेतली ती आमच्यातल्या सगळ्यात धाकट्या मुलीने. म्हणाली, आता डिरेक्टरी नाही, रांगेत उभं राहून करायचा फोन नाही, ओलिसाच्या खिशात मोबाईल आहे आणि तो कुठे आहे हे पोलीस काही तासांत काढतील. मी म्हटलं, खरंय, तेही घेऊ. ओलीस बंदिवासात असताना सवयीने कोणाच्या तरी फोटोला लाईक देतो. ती हसली नाही. म्हणाली, "मुद्दा तो नाही. तो दार उघडून निघून का जात नाही?"

हा प्रश्न मोठा होता. खोट्या अपहरणात दाराला कडी नसते. ओलीस केव्हाही उठून घरी जाऊ शकतो, म्हणून तर प्रेक्षक बिनघोर हसतो. बिल-सॅमच्या गुहेतलं पोरगंसुद्धा मोकळंच होतं. गेटीच्या नातवाला ती मोकळीक नव्हती, हाच फरक. मी हे बोलून दाखवलं आणि जरा खूश झालो.

तिने फोनवर एक बातमी काढून दिली. २०२० साली ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या पोलिसांनी तिथे शिकणाऱ्या चिनी विद्यार्थ्यांबद्दल इशारा दिला होता. अधिकारी असल्याची बतावणी करून फोन येतो की तुझं नाव गुन्ह्यात आलंय. मग त्या मुलाला सांगायचं, घरच्यांशी संपर्क तोड, हॉटेलात खोली घे, आणि हातपाय बांधलेले स्वतःचे फोटो काढून पाठव. ते फोटो जातात आईबापांना, खंडणीच्या मागणीसोबत. शेजारी कोणीही नाही. दाराला बाहेरून कुलूप नाही. मुलगा एकटा स्वतःला बांधून घेऊन बसलाय आणि उठत नाही, कारण फोनवरच्या आवाजाने त्याला सांगितलंय की उठलास तर घरच्यांचं वाईट होईल.

कडी नसूनही न हसण्यासारखं. माझा सिद्धान्त पाच मिनिटंसुद्धा टिकला नाही.

तिचा प्रश्न मात्र शिल्लक आहे. माझा ओलीस का उठत नाही? मित्रांसाठी? कर्ज काही त्याचं एकट्याचं नाही. घरी परतताना वाटलं, तो बसून राहतो कारण त्याला आकडा ऐकायचाय. बाप किती म्हणतो ते कळल्याशिवाय त्याला उठवणार नाही. कर्जवाला आणि गाडीवाला दुसऱ्या अंकात घाबरून म्हणतील, "जाऊ दे, सोड, घरी जा." तेव्हा तोच अडून बसेल: "अजून एकदा फोन लाव."

मंगळवार

बापाचं उत्तर सापडलं. बरेच दिवस तो एकतर रडत होता नाहीतर शिव्या देत होता. दोन्ही नकोत.

कर्जवाला म्हणतो, "काका, पाच लाख." पलीकडे शांतता. मग बाप विचारतो, "पाच? गेल्या महिन्यात माझ्याकडे मागायला आला तेव्हा तीन म्हणत होता. वरचे दोन कोणाचे?"

इथे ओलीस वळून कर्जवाल्याकडे बघतो. गाडीवालाही बघतो. दुसरा अंक तिथूनच सुरू करतोय, फोन तसाच चालू ठेवून. पुढे पैसे उचलायच्या जागेचा प्रवेश लिहायचाय. त्यात गाडीवाल्याला गाडी चालवता येते की ती नुसती त्याच्या मालकीची आहे, हे उद्या दिग्दर्शकाशी बोलून ठरवतो.