रेसच्या गाडीची टाकी आणि उद्यमबागेतला एक अडॅप्टर

आधीच सांगतो, पेट्रोलच्या टाकीला व्हेंट, म्हणजे हवा ये-जा करायची वाट, बसवणं अवघड नाही. सामान हाताशी असेल तर एका दुपारचं काम. माझं डोकं फिरलं ते दोन वेगळे आटे जोडणाऱ्या, अंगठ्याएवढ्या एका अडॅप्टरपायी. आणि तेही बेळगावात, उद्यमबागेत, जिथं गल्लोगल्ली लेथ चालतात आणि हायड्रॉलिकचं सामान बनून बाहेर जातं.

गाडी जुनी एस्टीम, फक्त ट्रॅकसाठी. रस्त्यावर चालत नाही, टेम्पोत घालून न्यायची. कंपनीची टाकी आणि चारकोल कॅनिस्टर (पेट्रोलची वाफ शोषणारा कोळशाचा डबा) काढून डिकीत अॅल्युमिनियमची टाकी बसवली. साध्या गाडीत टाकीची हवा त्या कॅनिस्टरमधून ये-जा करते. ते काढलं की सोय आपण करायची. पेट्रोल जेवढं संपतं तेवढी हवा आत यायला पाहिजे, नाहीतर आत पोकळी धरते, पंपाला पेट्रोल ओढवत नाही आणि भर वेगात गाडी आचके देते. झाकण सैल करताच सुस्स करून हवा आत ओढली गेली तर समजा व्हेंट तुंबलाय. उलट कोइमतूरच्या कारी ट्रॅकवर उन्हात गाडी उभी राहिली की वाफ वाढते, ती बाहेर पडायला पाहिजे. म्हणजे वाट दोन्ही बाजूंनी मोकळी हवी. आणि गाडी उलटलीच तर ती बंद व्हायला हवी. त्यासाठी रोलओव्हर व्हॉल्व्ह. आत एक गोळी असते, गाडी कलंडली की ती भोकावर जाऊन बसते. व्हॉल्व्ह उभाच बसवायचा, आडवा बसवला तर निरुपयोगी.

माझा व्हॉल्व्ह बाहेरून मागवलेला, खाली 9/16 इंची यूएनएफ, म्हणजे अमेरिकन मापाचे बारीक आटे, इंचाला 18. टाकीच्या वरच्या प्लेटवर 3/8 बीएसपी, म्हणजे ब्रिटिश पाइपचे आटे, कारण आपल्याकडे जिथं तिथं बीएसपीच. मध्ये जोडणारा तुकडा हवा होता, खालून बीएसपी मेल (बाहेरून आटे), वरून यूएनएफ फिमेल (आतून आटे). ड्रॉइंग काढलं, व्हर्नियरनं मापं घेतली आणि एका वर्कशॉपमध्ये दिलं. नाव घेत नाही.

"होतंय की, ठेवून जावा," मालक म्हणाले. ठेवून गेलो. मग सुरू झालं. मालक मराठीतून उद्या सांगायचे, त्यांचा माणूस कन्नडातून, "नाळे बर्री." त्यांचंही गणित कळतं मला. मशीनवर हजार नगांची बॅच लागलेली असताना एका नगासाठी सेटिंग कोण मोडणार? पण मग पहिल्याच दिवशी नाही म्हणा की! माझा व्हॉल्व्ह सँपल म्हणून त्यांच्या ड्रॉवरमध्ये अडकलेला, त्यामुळे दुसरीकडे जायचीही सोय नाही. त्यातच गणपती आले. टर्नर चंदगडकडचा, तो गावी गेला. गणपतीला चंदगडचा माणूस थांबवणं कुणाच्या बापाला जमत नाही, आणि थांबवूही नये. इकडं बेळगावातली विसर्जनाची मिरवणूक उरकून रस्ते मोकळे होईपर्यंत आणखी वेळ गेला.

शेवटी तुकडा हातात आला. व्हॉल्व्ह लावून बघितला तर तोंडाशीच अडतोय. दोन आट्यांमधलं अंतर, म्हणजे पिच, बघायचं गेज लावलं, 1.5 एमएम. एम 14 चा, म्हणजे 14 एमएमच्या मेट्रिक आट्यांचा टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार) मारला होता! 9/16 म्हणजे 14.29 एमएम आणि त्याची पिच 1.41. हे दोन आटे एकमेकांत बसतच नाहीत. "जवळजवळ तेच हाय की, जरा तेल लावून फिरवा, बसतंय," असा सल्ला मिळाला. पेट्रोलच्या टाकीवर, माझ्या पाठीमागे वीतभर अंतरावर, जवळजवळ! व्हॉल्व्ह उचलला आणि बाहेर पडलो.

9/16 यूएनएफचा टॅप मुंबईहून, नागदेवी स्ट्रीटवरून मागवला. तो घेऊन अनगोळमध्ये एका वयस्क टर्नरकडे गेलो. घरामागं पत्र्याची शेड, एकच जुना लेथ. "टॅप आणलाईस न्हवं? मग झालंच की," म्हणाले. 12.9 एमएमचं ड्रिल, मग टॅप, आणि खालचे बीएसपीचे आटे लेथवरच काढले. चहा निवायच्या आत तुकडा तयार. व्हॉल्व्ह हातानं शेवटपर्यंत गेला तेव्हा मी अक्षरशः टाळी वाजवली. त्यांनी सांगितलेल्या पैशापेक्षा जास्त दिले, ते घेईनात.

पुढचं पटकन सांगतो. पाइप व्हॉल्व्हमधून वर, छताच्या दिशेनं न्या, मग डिकीच्या दुसऱ्या बाजूला आडवा नेऊन मगच खाली सोडा. वळणावर पेट्रोल एका कडेला चढतं, ते या चढामुळं बाहेर सांडत नाही. मध्ये कुठं झोळ ठेवू नका, तिथं पेट्रोल साचून हवेची वाट अडते. टोक गाडीच्या तळाखाली, सायलेन्सरपासून लांब, केबिनमध्ये तर अजिबात नको. पाइप पेट्रोलचाच घ्या. कॉम्प्रेसरच्या हवेचा पाइप स्वस्त पडतो म्हणून तो लावणारे बघितलेत, पण तो पेट्रोलला टिकत नाही, आणि आता तर पेट्रोलमध्ये इथेनॉलही असतं.

हां, एक राहिलं. वर्कशॉपमध्ये टाकी नेऊ नका, नुसती वरची प्लेट सोडवून न्या. वापरलेली टाकी रिकामी दिसली तरी आत वाफ असते, तिच्याजवळ वेल्डिंगवाल्याला फिरकूही देऊ नका. व्हॉल्व्ह बसवायच्या आधी तोंडानं फुंकून बघा: सरळ धरल्यावर हवा गेली पाहिजे, उलटा धरल्यावर अडली पाहिजे. आणि सँपल कुणाकडे ठेवून येऊ नका. माप द्या, ड्रॉइंग द्या, व्हॉल्व्ह खिशात.

स्क्रूटिनीत, म्हणजे रेसआधीच्या गाडीच्या तपासणीत, तपासणाऱ्यानं वाकून पाइपचं टोक बघितलं, प्लेटवर हात फिरवून बोट हुंगलं आणि पुढच्या गाडीकडं गेला. टॅप माझ्याकडंच आहे, बेळगाव-खानापूर भागात कुणाला लागला तर घेऊन जा. अनगोळच्या शेडपर्यंत मी स्वतः येतो.