लस दिली की दूध तुटतं

"लस दिली की दूध तुटतं." सासऱ्यांचं हे वाक्य मी या घरात आल्यापासून ऐकतेय, आणि आबा खोटं बोलत नाहीत. लाळ्या-खुरकुताची लस टोचली की एक-दोन दिवस दूध कमी होतं, एखादीला कणकण येते, टोचलेल्या जागी गाठ धरते.

पण लाळ्या खरोखर गोठ्यात शिरला तर? जिभेवर फोड, खुरांच्या बेचक्यात जखमा, सडांवरही फोड. गाय चारा तोंडात घेते आणि तशीच सोडून देते. मोठं जनावर सहसा मरत नाही, म्हणून लोक या रोगाला हलक्यात घेतात. वाचलेली गाय त्या वेतात पहिल्या दुधावर परत येईलच असं नसतं, काही गाई पुढे कायम उन्हात धापा टाकतात. वासरांच्या तर हृदयालाच दाह होतो. सकाळी उड्या मारणारं वासरू फोडही न दिसता दगावू शकतं. दोन दिवसांचं दूध मी आनंदाने सोडते.

खरं काम टोचण्याच्या आधीच सुरू होतं. दोन-तीन आठवडे अगोदर जंताचं औषध पाजायचं, गोचीड साफ करायचे. पोटात जंत आणि अंगावर गोचीड घेऊन खंगलेल्या जनावरात लस नीट धरत नाही. त्या दिवशी तापलेली, चारा टाकलेली गाय बाजूला ठेवायची; बरी झाली की तिला टोचायचं. निरोगी जनावराच्या अंगाचं तापमान साधारण १०१.५ फॅरेनहाइट. थर्मामीटर गोठ्यात हवाच, कानाला हात लावून ताप ओळखणारे आबांसारखे उस्ताद सगळीकडे नसतात.

डॉक्टर आले की मी आधी त्यांच्या डब्यात डोकावते. ते हसतात, हसू देत. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवी. उन्हात तापलेली लस वाया जाते हे सगळ्यांना पटतं, पण गोठलेलीही वाया जाते हे पटवावं लागतं. लाळ्याच्या तेलातल्या लशीचं तेल-पाणी गोठल्यावर वेगळं होतं, मग बाटली कितीही हलवा. म्हणून बाटली थेट बर्फाला चिकटलेली नको. सुईही प्रत्येक जनावराला वेगळी. एकीच्या रक्तातलं दुसरीत जायला एक टोचणी पुरते.

वासरांचं गणित वेगळं. जन्मलेल्या वासराला लगेच लस का देत नाही, असं धाकट्या जावेनं विचारलं होतं. चिकातून आईची प्रतिकारशक्ती त्याच्या अंगात आलेली असते आणि तीच लशीला निकामी करते. ती ओसरू लागली की, चौथ्या महिन्याच्या सुमारास, लाळ्याचा पहिला डोस, महिन्याने दुसरा, पुढे दर सहा महिन्यांनी. दुसऱ्या डोसाचा लोकांना सर्रास विसर पडतो. अर्थात चीकच वेळेवर मिळाला नाही तर ही मधली ढालही नाही. व्याल्यावर पहिल्या दोन तासांत पाजायला लागायचं आणि दिवसभरात वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका पोटात जाऊ द्यायचा. एक दिवस उलटला की त्यातलं संरक्षण आतड्यातून रक्तात जातच नाही.

घटसर्प आणि फऱ्या हे गुरांचे रोग पावसाच्या तोंडावरचे. त्यांची लस पाऊस पडायला लागल्यावर आठवून उपयोग नाही, कारण अंगात ताकद तयार व्हायला दोन-तीन आठवडे जातात. घटसर्पात गळा सुजतो, श्वास घरघरतो आणि डॉक्टर पोचेपर्यंत कधीकधी सगळं संपलेलं असतं. फऱ्या नेमका धष्टपुष्ट तरण्या जनावरांना गाठतो. मांडीवरची सूज दाबली की आतून करकर आवाज येतो.

सांसर्गिक गर्भपाताची लस फक्त कालवडींना, वयाच्या चौथ्या ते आठव्या महिन्यात, एकदाच. गाभण गाईला किंवा वळूला चुकूनही नाही. ही लस जिवंत जंतूंची असते, टोचणाऱ्याच्या बोटात सुई घुसली तर त्यालाच आजार होऊ शकतो. त्या वेळी मी मुलांना गोठ्यात फिरकू देत नाही.

आबांना मी बुळकांडीची आठवण करून देते. त्यांच्या लहानपणी त्या नावानेच घरात धडकी भरायची. २०११ मध्ये तो रोग जगातून संपल्याचं जाहीर झालं. त्यात लशीचा वाटा केवढा मोठा होता, हे ऐकून ते "हं" म्हणतात आणि विषय बदलतात.

सध्या आमचा वाद वेगळाच चाललाय. नवी विकत आणलेली गाय मी तीन आठवडे लांबच्या छपरात बांधली आहे. तिची बादली वेगळी, तिचं दूध सगळ्यात शेवटी काढायचं. आबांच्या मते गाय दिसायला ठणठणीत आहे आणि तिच्यापर्यंत पाणी वाहून माझी कंबर जाणार आहे. कंबरेचं ते बरोबर सांगतायत. गाय आहे तिथेच राहणार.