लिंब आधी की घर आधी

लातुरात घराला तडा गेला की पहिली शंका भूकंपाची. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट ज्यांनी पाहिलीही नाही, ती पोरंसुद्धा भिंतीवर रेघ दिसली की विचारतात, "हादरा बसला का हो?" वीस वर्षं मी घरांचे तडे बघतोय. त्यातल्या बहुतेकांचा भूकंपाशी काडीचा संबंध नव्हता. संबंध होता काळ्या मातीशी.

ही माती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आक्रसते. शेतात मे महिन्यात कोपरापर्यंत हात जाईल अशा भेगा पडतात, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. पण तोच शेतकरी शहरात प्लॉट घेतो, उन्हाळ्यात पाया खणायला काढतो आणि चार फुटांवर थांबतो. का, तर "टणक लागलं." मेमध्ये काळी माती टणकच लागणार! खाली मुरूम किती फुटांवर आहे, ते बघायला एक खड्डा घ्या म्हटलं की खर्च दिसतो. पुढे त्याच घराला दीड लाखाचं पीओपी होतं.

तर २०१६ चा मे. मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी येत होतं, तो उन्हाळा. एका निवृत्त शिक्षकांचा फोन आला. घर १९९६ चं, नऊ इंची विटांच्या भिंती, भूकंपानंतर सगळे घालायला लागले होते तशी दारं-खिडक्यांच्या डोक्यावर, लिंटेलला, काँक्रीटची पट्टी. पाया दगडी, चार फूट. नैऋत्य कोपऱ्याजवळ भिंत फाटली होती. एका ठेकेदाराने पायाखाली खणून खालून काँक्रीट भरायचे, म्हणजे अंडरपिनिंगचे, साडेचार लाख सांगितले होते. सरांच्या मेहुण्यांनी वास्तूवाला आणला होता, त्याने कोपऱ्यात तांब्याचे पिरॅमिड पुरायला लावले होते. ते मला नंतर खड्ड्यात सापडले.

मी असल्या घरात आधी आत जात नाही. बाहेरून पारदर्शक नळीत पाणी भरून जोत्याच्या वरच्या थराची पातळी चारही कोपऱ्यांवर घेतो. गवंड्याने तो थर पाणसळीत लावला असणार असं धरायचं. नैऋत्य कोपरा बाकीच्यांपेक्षा २२ मिलिमीटर खाली होता. मग भेग. भेगेत टॉर्च मारून बघायचं. आत रंग किंवा कोळ्याचं जाळं असेल तर भेग जुनी, विटेचा ताजा लाल रंग दिसला तर ती अजून चालू आहे. ही ताजी होती. खिडकीपासून तिरपी वर चढत कोपऱ्याकडे झुकलेली. खाली नखाएवढी आणि स्लॅबखाली करंगळी जाईल एवढी रुंद. भेग वर चढताना ज्या बाजूला झुकते, सहसा ती बाजू खचलेली असते. वर रुंद म्हणजे कडेचा भाग खाली चालला आहे. पुस्तकातलं चित्र भिंतीवर काढून ठेवल्यासारखं.

आणि त्या कोपऱ्यापासून नऊ फुटांवर कडुलिंब. आमच्याकडे नुसतं लिंब म्हणतात. दोघांच्या कवेत मावणार नाही असा बुंधा. मी तिथे पाच फूट खड्डा घ्यायला लावला. तळातली माती खडे फुटावेत तशी फुटत होती आणि तिच्यात केसासारखी मुळं. सलग दोन वर्षं पाऊस नाही, वरून एवढं झाड पाणी ओढतंय. निदान झालं. मी सरांना म्हटलं, साडेचार लाख वाचवा. लिंब काढा, घराभोवती चार फुटांची उतरती फरशी करा, पन्हाळीचं पाणी लांब सोडा, पुढच्या पावसाळ्यानंतर भेग भरू.

चहा पिताना काकू म्हणाल्या, "बांधकामाला आलेली माणसं ह्याच्याच सावलीत भाकरी खायची. तवाबी एवढाच होता." मी मान डोलावली आणि बिस्किट उचललं. हे वाक्य मला शब्दन् शब्द आठवतं. ते मला कुणीतरी सांगत होतं आणि मी ऐकत नव्हतो.

परवानगी काढून पावसाळ्याच्या तोंडावर लिंब गेला. त्या वर्षी सप्टेंबरात जोरदार पाऊस झाला. २०१७ च्या दिवाळीत सरांचा फोन, "साहेब, भेग मिटली!" घरी पेढे आले. मी दोन्ही वेळचे फोटो शेजारी शेजारी लावून इंजिनिअरांच्या एका बैठकीत दाखवले आणि ठेकेदारांच्या अंडरपिनिंगवर चार टोमणेही मारले. ती स्लाइड मी पुढची तीन वर्षं वापरली.

२०२१ च्या सप्टेंबरअखेर मांजरा नदीला महापूर आला. त्यानंतर नोव्हेंबरात सरांनी बोलावलं. स्वयंपाकघराचं दार घासत होतं, शहाबादी फरशी मधोमध पालथ्या ताटासारखी उचलली होती. भिंतीत त्याच खिडकीशेजारी नवी भेग. मी नेहमीसारखी नळी काढली नाही, आधी भेगच बघितली. ती वर चढताना कोपऱ्यापासून दूर झुकत होती. आणि जोत्यालगत दोन बोटं रुंद, वर जाता जाता नाहीशी.

उलटी भेग. कोपरा खचलेला नाही, उचललेला आहे.

मग नळी लावली. १४ मिलिमीटर वर. म्हणजे पाच वर्षांत तो कोपरा ३६ मिलिमीटर चढला होता. मी ज्याला "मिटली" म्हणून पेढे खाल्ले, ती भेग वर जाताना वाटेत मिटली होती, एवढंच.

आता हे का झालं ते उभ्या उभ्या कळलं. लिंब आधीपासून तिथे होता, घर नंतर आलं. पाया घातला तेव्हा त्या कोपऱ्याखालची माती झाडाने आधीच शोषून आक्रसवलेली होती. गवंड्याने त्या वाळक्या मातीवर जोतं पाणसळीत आणलं. झाड गेल्यावर माती मूळच्या ओलीकडे परत जाऊ लागली, आणि तिची मूळची पातळी आमच्या जोत्याच्या हिशेबापेक्षा वर होती. घर आधी आणि झाड नंतर असतं, तर झाड काढल्यावर कोपरा साधारण होता तिथे येऊन थांबला असता. फरक फक्त या क्रमाचा. काळ्या मातीतून पाणी इतकं सावकाश मुरतं की खोलवरच्या वाळक्या मातीला भिजायला वर्षं लागतात. म्हणून मला पेढे मिळेपर्यंत अवधी मिळाला.

जुन्याच जागी पुन्हा खड्डा घेतला. त्याच पाच फुटांवर माती आता हाताला लोण्यासारखी चिकटत होती. लिंबाची मुळं कुजून काळी पोकळ झाली होती. मजुराने एक उपटलं तर त्या भोकातून पाणी झिरपायला लागलं. झाड जिवंत असताना ज्या वाटांनी पाणी बाहेर जात होतं, त्याच वाटांनी ते आता पायाखाली येत होतं. बराच वेळ मी खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसून ते भोक बघत होतो.

मातीची साधी चाचणी घरीच केली. चाळलेली कोरडी माती दहा दहा ग्रॅम, दोन नळकांड्यांत. एकात डिस्टिल्ड पाणी, दुसऱ्यात रॉकेल, कारण रॉकेलमध्ये ही माती फुगत नाही. आता रॉकेल मिळवणं हेच मोठं काम. एका जुन्या घिसाड्याकडून अर्धी बाटली आणली. चोवीस तासांनी रॉकेलमध्ये १२ मिली, पाण्यात २१. म्हणजे ७५ टक्के फुगवटा. ही चाचणी मी २०१६ ला केली नव्हती. माती काळी आहे हे दिसतच होतं ना.

सरांना मी सांगितलं, की झाड काढायचा सल्ला माझा चुकला. फांद्या छाटून त्याची तहान आटोक्यात ठेवायला हवी होती, किंवा हातच लावायला नको होता. सर गप्प राहिले. आतून काकूंचा आवाज आला, "मी नको म्हणतच होते." मी त्यांना ऐकू येईल असं "हो" म्हटलं.

तरी एक गोष्ट माझ्या हिशेबात अजून बसत नाही. २०१९ मध्ये सरांच्या मुलाने त्याच बाजूला नवं बाथरूम काढलं. त्याचं सांडपाण्याचं चेंबर कोपऱ्यापासून सहा फुटांवर आणि विटांचं, आतून प्लास्टर नीट नाही. त्यात पाणी भरून ठेवलं तर सकाळी चार बोटं उतरलेलं. मग ३६ मिलिमीटरपैकी लिंबाचे किती, चेंबरचे किती, २०२१ च्या पावसाचे किती? मनातल्या मनात मी चेंबरला जास्त देतो, हे मला कळतं. तो आकडा मला सोयीचा आहे.

दुरुस्ती म्हणाल तर उचलणाऱ्या जमिनीवर पाया खाली बळकट करून काही होत नाही. जमीन थांबेपर्यंत थांबायचं. चेंबर बदललं, पाइपला रबरी सांधे दिले, फरशीचा उतार पुन्हा काढला. सरांना भेग दुसऱ्याच दिवशी भरून हवी होती, कारण पाहुणे विचारतात. ठेकेदार दाबाने ग्राउट, म्हणजे सिमेंटचं पातळ मिश्रण, भरायला तयारच होता. मी नको म्हटलं. भेगेवर तीन ठिकाणी काचेच्या पट्ट्या सिमेंटने चिकटवल्या आणि प्रत्येकीवर तारीख लिहिली. जमीन हलली की काच तडकते. सगळ्या पट्ट्या एक पावसाळा आणि एक उन्हाळा शाबूत राहिल्या, तर विटांच्या सांध्यांत सळया घालून भिंत शिवायची.

२०२२ च्या ऑगस्टात तिन्ही तडकल्या. २०२३ ला एक. तेव्हापासून दर मेमध्ये आणि दर दसऱ्याला मी जातो, पैसे घेत नाही, काकू चहा देतात. मागच्या वेळी सरांनी लिंबाच्या जुन्या जागेपासून थोडं लांब एक रोप दाखवलं. आपोआप उगवलं होतं, लिंबच. "ठेवू का काढू?" म्हणाले.

मी टेप काढली. भिंतीपासून अकरा फूट. प्लॉटच चाळीस फुटांचा.

"दसऱ्याला सांगतो," म्हटलं.