नऊ जणींनी सुरू केलेली फायनल

रेफ्रींनी टॉससाठी दोन्ही कर्णधारांना बोलावलं तेव्हा आमच्याकडे बूट बांधून तयार होत्या नऊ मुली. नाशिक विभागाच्या आंतरमहाविद्यालयीन फुटबॉलची फायनल, आणि आमच्या कॉलेजच्या मुलींची पहिलीच. संघ मुळात तेरा जणींचा. एकीचा घोटा सेमीफायनलला मुरगळलेला, एकीची त्याच सकाळी प्रॅक्टिकल. लेफ्ट बॅक आणि स्टॉपर या बचावातल्या दोघी, दोघीही पेठ तालुक्यातल्या, एसटीत बसलेल्या आणि एसटी सावळघाटात अडकलेली.

"मॅडम, ट्रक आडवा झालाय, गाडी हलतच नाही," एवढं ऐकू आलं आणि रेंज गेली.

स्पर्धेच्या ऐन तोंडावर या दोघी गावी कशाला गेल्या, असं मला मैदानावर दोघा-तिघांनी विचारलं. राग त्या प्रश्नाचा येतो. भात कापणीला आलं होतं म्हणून गेल्या. घरात माणसं मोजकी, वरून परतीच्या पावसाचं भय. उभं भात आडवं झालं तर वर्षाचं खाणं गेलं.

मी शारीरिक शिक्षण संचालक म्हणून बरीच वर्षं हे पाहते आहे. कॉलेज सुरू होतं तेव्हा पेठ, सुरगाणा, हरसूलकडच्या मुली आवणीला, म्हणजे भाताची रोपं लावायला, जातात. त्या परत येऊन सराव जरा रुळावर येतो, तोवर दिंडोरी-निफाड पट्ट्यात द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी लागते. छाटणीच्या मागोमाग काडीच्या डोळ्यांना, म्हणजे कोंब फुटायच्या जागांना, पेस्ट लावायची, डोळे फुटले की फेलफूट, म्हणजे नको असलेले कोंब, काढायची. या कामांना टोळ्या लागतात आणि टोळीत आमच्याच मुली असतात, कारण फी, मेसचे पैसे, धाकट्या भावाचं दप्तर सगळं त्या मजुरीतून निघतं. तेवढ्यात गावी भात पिकतं. आणि आमच्या स्पर्धा नेमक्या याच दिवसांत.

यंदा मी जूनमध्येच एक ठरवलं होतं. मुलगी आवणीला गेली, टोळीत गेली, तरी तिचं नाव संघातून काढायचं नाही. कोण कधी गावी जाणार, कधी परत येणार, हे सगळ्यांसमोर वहीत लिहायचं. वसतिगृहाच्या गृहपालांना भेटून पहाटेच्या सरावासाठी गेट उघडण्याची परवानगी घेतली. दोन मुलींच्या घरीही जाऊन आले. एकीच्या वडिलांनी फक्त एवढंच विचारलं, "परत सोडायला कोण येणार?" आम्ही येऊ म्हटल्यावर त्यांचा प्रश्न मिटला. हंगाम आम्ही जिंकला तो या वहीमुळे, असं माझं ठाम मत आहे. डावपेच नंतर आले.

खेळाची कमतरता या मुलींत कधीच नव्हती. या डोंगरांतूनच सावरपाड्याची कविता राऊत आली आणि २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं कांस्यपदक घेऊन गेली. आमच्या लेफ्ट बॅकने फुटबॉलला पहिल्यांदा पाय लावला तो आश्रमशाळेत, १५ सप्टेंबर २०१७ ला. सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक त्या वर्षी भारतात होता, म्हणून महाराष्ट्रभर एकाच दिवशी शाळाशाळांतून फुटबॉल खेळला गेला. पुष्कळ ठिकाणी तो चेंडू नंतर कपाटात गेला असेल. त्यांच्या शाळेत तो फाटेपर्यंत खेळला गेला, असं ती सांगते.

तर फायनल. नियम सांगतो की संघात सातपेक्षा कमी खेळाडू असतील तर सामना सुरू करता येत नाही. आमच्या नऊ होत्या, म्हणजे खेळता येत होतं. त्याच नियमात पुढचं एक कलम आहे. संघ अकरापेक्षा कमी जणींनी उतरला, तर उशिरा पोचलेल्या खेळाडूला नंतर आत येता येतं, पण तिचं नाव सामन्याआधी दिलेल्या यादीत असायला हवं. यादी भरताना शेजारचे एक सर म्हणाले, "मॅडम, न आलेल्यांची नावं कशाला? कोऱ्या ठेवा ना त्या जागा." मी दोघींची नावं, जर्सी नंबरासकट, सुवाच्य अक्षरात लिहिली.

मुलींना म्हटलं, चौघी मागे, तिघी मधे, एक पुढे. चेंडू कडेला गेला तर जाऊ द्या, मधली वाट सोडू नका. चिखलाचं मैदान, काळी माती बुटांच्या स्टडमध्ये बसून पाय जड झालेले. नऊ जणी अकरा जणींच्या वाटणीचं धावत होत्या. गोल बसला तो कॉर्नरवर. त्यांची एक उंच मुलगी मोकळी राहिली, तिला धरायला आमच्याकडे माणूसच नव्हतं. ०-१. कर्णधाराने जाळ्यातला चेंडू काढून आपणच मधे नेऊन ठेवला. हाफटाइमपर्यंत दुसरा गोल खायचा नाही, एवढंच मी बाहेरून ओरडत होते.

हाफटाइमला थोडा वेळ उरला असताना फाटकाशी रिक्षा थांबली. घाट मोकळा झाल्यावर एसटी आली, पेठ फाट्यावर उतरून दोघींनी रिक्षा केली होती. शिनगार्ड आणि मोजे त्यांनी रिक्षातच चढवले होते. समोरच्या संघाच्या व्यवस्थापकांनी हरकत घेतली, की सामना सुरू झाल्यावर नवे खेळाडू कसे? रेफ्रींनी यादी मागवली, नावं पाहिली, मान हलवली.

स्टॉपर लगेच आत गेली. लेफ्ट बॅक अडकली बांगड्यांपाशी. वाघबारशीसाठी आईने आठवडी बाजारातून काचेच्या बांगड्या भरल्या होत्या, घट्ट. फुटबॉलमध्ये अंगावर कसलाच दागिना चालत नाही, वरून चिकटपट्टी लावून झाकलेलाही नाही. रेखापंच बाई सौम्यपणे, पण ठाम म्हणाल्या, "काढाव्याच लागतील, बाळा."

फोडून टाक, असं कोणीतरी मागून म्हणालं. तिने हात मागे घेतला. "आईने भरल्यात," ती म्हणाली. मी फर्स्ट-एडच्या पेटीतलं व्हॅसलीन काढलं. तिचा हात हातात घेतला तेव्हा दिसलं, तर्जनीवर विळ्याचा ताजा काप, त्याला चिंधी बांधलेली, नखांत भाताच्या खाचरातली माती. अंगठा तळव्यात दाबून धरायचा, बाकीची बोटं जुळवायची आणि एकेक बांगडी फिरवत काढायची. बाहेर खेळ चालू, आमच्या दहा जणी धावताहेत, आणि मी मनात म्हणते आहे, घाई करायची नाही. एकही बांगडी पिचली नाही. सगळ्या मी माझ्या रुमालात बांधल्या. बोटाची चिंधी काढून स्वच्छ पट्टी लावली, रेखापंचांनी बूट तपासले, रेफ्रींनी हात केला आणि ती आत गेली.

दुसऱ्या हाफमध्ये बरोबरीचा गोल आला तो तिच्या थ्रोवरून. भाताचे भारे डोक्यावर घेऊन खळ्यापर्यंत नेणाऱ्या खांद्यांचा तो थ्रो पेनल्टी बॉक्सपर्यंत जातो. थ्रो-इनवरून थेट आलेल्या चेंडूला ऑफसाइड नसतो, हे आम्ही सरावात शंभरदा घोटलं होतं. त्यांच्या बचाव फळीने हात वर करून ऑफसाइड मागितला आणि त्या क्षणभरात आमच्या देवळाली कॅम्पच्या विंगरने चेंडू जाळ्यात मारला. १-१.

मग टायब्रेकर. आमची गोलकीपर नाशिकरोडची, आधी हँडबॉलमध्ये गोलवर उभी राहणारी. पुढे झेपावायची तिची जुनी सवय, आणि पेनल्टीला किक बसेपर्यंत कीपरचा निदान एक पाय रेषेवर लागतो. नाहीतर अडवलेली पेनल्टी पुन्हा घ्यायला लावतात. म्हणून सरावात तिच्या टाचेमागे मी चुन्याची रेघ मारायचे आणि फक्त पाय बघायचे. त्यांची शेवटची पेनल्टी तिने डावीकडे पडून बाहेर काढली. मी रेफ्रींकडे पाहिलं. शिट्टी पुन्हा वाजली नाही. ४-३.

नंतर काय झालं ते मला धड आठवत नाही. कोणी रडत होतं, कोणी माझ्या गळ्यात होतं, घोटा मुरगळलेली मुलगी लंगडत सगळ्यांना पाणी देत होती.

पुढे आंतरविभागीय स्पर्धेत आम्ही उपविजेत्या ठरलो. पुण्याच्या मुली सरस खेळल्या, यात वाद नाही. टर्फवर वर्षभर खेळणाऱ्या पायांचा पास वेगळा असतो. लेफ्ट बॅकची विद्यापीठाच्या सराव शिबिरासाठी निवड झाली. मी तिच्या घरी फोन केला. वडिलांनी शिबिर किती दिवसांचं ते विचारलं, जेवणाखाण्याची सोय विचारली आणि भाताच्या झोडणीला या वेळी धाकटा थांबेल म्हणाले.

विभागाकडे मी लेखी मागणी केली आहे. तारखा ठरवताना छाटणी आणि कापणीचे दिवस बघा, आणि मुलींच्या फायनल सकाळी नऊला ठेवू नका, दुपारी ठेवा. उत्तर आलेलं नाही. जूनमध्ये वही पुन्हा उघडणार आहे. या वेळी आवणीच्या आधीच दोघींनी आपल्या गावच्या आणखी चार मुलींची नावं मला कळवली आहेत.