तीन सिटिंगमध्ये रूट कॅनॉल, कॅपला सात आठवडे

दाढ दुखली त्याचा मला राग नाही. राग आहे तो 'लॅबमधून आलेली नाही, मॅडम' या एका वाक्याचा.

रूट कॅनॉलच्या भीतीपायी मी महिनाभर मेडिकलमधून गोळ्या आणून खाल्ल्या. आत्याबाई लवंग धरायला सांगायच्या, वर 'दाढ काढू नकोस हां, नजर जाते' हे होतंच. (नजरेचा काही संबंध नाही, डॉक्टर हसले.) शेवटी रात्री आडवं झालं की ठणका कानापर्यंत जायला लागला, गार पाण्याचा घोट घेतला की कळ मिनिटभर उतरेना, तेव्हा गेले. इतकं झालं म्हणजे आतली नस कामातून गेली. नुसत्या अँटिबायोटिकने ती पुन्हा धड होत नाही, हे मला गोळ्यांची पाकिटं संपवल्यावर कळलं.

प्रत्यक्ष काम तीन सिटिंगमध्ये उरकलं. उजवीकडची खालची मोठी दाढ. तिला बहुतेकांत तीन नळ्या असतात, माझ्यात चौथी निघाली. बारीक सुयांनी आतून साफ केलं, औषधाने धुतलं, रबरासारख्या गुलाबी काड्या भरून बंद केलं. जबडा अवघडला, बाकी काही नाही. मात्र इंजेक्शनचा बधिरपणा उतरेपर्यंत काही खाऊ नका. मी घरी येऊन चहा-खारी खाल्ली आणि गाल आतून चावला गेल्याचं संध्याकाळी कळलं.

मी पतसंस्थेत सगळ्यांना सांगून मोकळी झाले, रूट कॅनॉल झालं! झालं नव्हतं. नस काढलेली दाढ आतून पोखरलेलीच असते, भिंती पातळ, वर फक्त भरलेलं सिमेंट. कॅप, म्हणजे लॅबमध्ये बनवून दाढेवर बसवायचं टोपण, बसली नाही तर एखाद्या दिवशी काहीतरी कडक चावताना ती उभी चिरू शकते, आणि चीर मुळापर्यंत गेली की दाढ काढायचीच. म्हणजे वेळ, पैसे, इंजेक्शनं, सगळं पाण्यात. हे डॉक्टरांनीच मला सांगितलं होतं. म्हणून तर माझा जीव वरखाली.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात दाढ चारी बाजूंनी तासून माप घेतलं. झिरकोनियाची (पांढऱ्या सिरॅमिकची) कॅप, 'आठ दिवसांत येईल.' आठव्या दिवशी फोन केला. नाही आली. सोमवारी करा. सोमवारी केला. 'मॅडम, पंचगंगेला पाणी आहे ना, गाड्या अडकल्यात.' आता कोल्हापूरच्या माणसाला हे सांगायचं? पावसाळ्यात आम्ही चहाच्या आधी राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतो. इशारा 39 फुटांना, धोका 43 ला. त्या सकाळी पाणी 39 च्या कितीतरी खाली होतं आणि माझा चुलतभाऊ पुण्याहून हायवेने जेवायला वेळेत पोचला होता.

मग गणपती आले. लॅबला सुट्टी. चौथ्या दिवशी आरतीनंतर खिरापत तोंडात टाकली, सुक्या खोबऱ्याचा तुकडा त्याच बाजूला गेला आणि वरचं तात्पुरतं सिमेंट खोबऱ्यासकट हातात आलं. दुखलं नाही, आणि तेच वाईट. नस नसलेली दाढ आतून पुन्हा किडली, लाळ झिरपली, तरी ओरडत नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन सिमेंट भरून घेतलं. तेव्हाही उत्तर तेच. मधेच मोबाईलवर मेसेज आला, 'आमच्या सेवेला पाच स्टार द्या.'

सहाव्या आठवड्यात फोन करणं बंद केलं आणि ऑफिस सुटल्यावर थेट राजारामपुरीतल्या क्लिनिकमध्ये जाऊन बसले. 'लॅबचा नंबर द्या, मी विचारते,' म्हटल्यावर रिसेप्शनवरच्या मुलीने कपाट उघडलं. खालच्या कप्प्यात पांढरा डबा, त्यावर माझं नाव, आत माझ्या दातांचं माप. कडा नीट आली नाही म्हणून लॅबने ते पंधरा दिवसांपूर्वीच परत पाठवलं होतं. परत माप द्यायला मला बोलवायचं, एवढंच काम होतं. एक फोन! डॉक्टरांनाही ते माहीत नव्हतं, निदान त्यांचा चेहरा तरी तसाच पडला होता.

तेव्हा, माप दिल्यावर 'कधी येईल' विचारू नका. 'पाठवलं कधी, लॅबने घेतलं का' हे विचारा. आणि तोवर तात्पुरती कॅप मागून घ्या, ती प्लॅस्टिकसारखी मिळते. मला कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. खर्च ठरवताना कॅपचा आकडा धरून लिहून घ्या. रूट कॅनॉलचा वेगळा आणि कॅपचा वेगळा असतो.

नवीन मापाची कॅप आठवड्यात आली. बसवताना निळा कागद चावायला देतात आणि 'उंच लागते का' विचारतात. मला थोडी लागत होती. पण सात आठवड्यांनी त्या खुर्चीतून उठायची इतकी घाई की 'छान आहे' म्हणाले. तीन दिवस घास चावला की कळ. नस नाही मग दुखतं कसं? मुळाभोवतीचं जिवंत असतं, त्याच्यावर दाब येतो. चौथ्या दिवशी परत जाऊन दोन मिनिटं घासून घेतली. ही चूक माझी, क्लिनिकची नाही.

रक्त पातळ करायची गोळी, शुगर, कुठल्या औषधाची ॲलर्जी, हे पहिल्याच दिवशी सांगायचं राहू देऊ नका. मेडिक्लेमच्या भरवशावर तर अजिबात राहू नका. साध्या पॉलिसीत अपघात सोडून दातांचा खर्च बहुधा धरत नाहीत, माझा फॉर्म तसाच परत आला. कॅपचं वॉरंटी कार्ड मिळतं, ते मागून घ्या.

सहा महिन्यांनी एक्स-रे काढून मुळं बघायची आहेत. 'आम्ही फोन करू, मॅडम,' असं मुलगी म्हणाली. मी घरी येऊन पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरवर मार्चच्या पानावर लाल पेनाने लिहून ठेवलंय.