पंचहौदच्या दारात विचारलेला प्रश्न
आज पुण्याच्या गुरुवार पेठेतल्या पंचहौद चर्चमधून उपासना आटोपून बाहेर पडलो, तेव्हा शेजारच्या काकांनी मेथीची जुडी सावरत थेट विचारले, ‘माझा बाप्तिस्मा झालेला नाही, म्हणजे तुमच्या हिशेबाने मी नरकातच ना?’ मी गडबडलो. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात नरक म्हणजे देवाच्या सहवासातून माणसाने स्वतःला कायमचे वगळून घेणे, असे म्हटले आहे आणि (आमचे चर्च कॅथलिक नसले तरी) मला ते पटते, कारण नाकारण्याची मोकळीक नसेल तर प्रेमाला अर्थ उरत नाही. पण कोणी पाठ फिरवली, हे ठरवणारा मी कोण? ‘निवाडा माझ्याकडे नाही,’ एवढेच म्हणालो. ‘मग चहा घेऊ,’ काका हसले. याच पंचहौद मिशनमधल्या १८९० च्या चहाने टिळक-रानड्यांनाही, ख्रिस्ती मिशनऱ्यांकडे चहा घेतला म्हणून, प्रायश्चित्ताच्या वादात ओढले होते!