डोकं दुसऱ्याच्या हातात

सबमिशनच्या आठवड्यात (म्हणजे कॉलेजात जर्नल्स, शीट्स पूर्ण करून द्यायच्या आठवड्यात) पुण्यात कर्वेनगर-कोथरूडकडच्या कुठल्याही मुलींच्या पीजीत रात्री अकरानंतर गेलात (जाऊ देणार नाहीत, काकू साडेनवालाच गेट लावतात, पण समजा गेलात) तर आधी खोबरेल तेलाचा वास येतो आणि माणसं नंतर दिसतात. कॉटच्या कडेला एक बसलेली, तिच्या पायाशी जमिनीवर दुसरी, दुसरीच्या मांडीत अर्धवट लिहिलेलं जर्नल आणि वरचीचे दोन्ही हात हिच्या केसांत, तेल चोळत. ताण घालवायचा आमचा हाच उपाय. गर्दी असेल तर हाच कार्यक्रम जिन्यात चालतो, एकेका पायरीवर एकेक, प्रत्येकीचं डोकं मागचीच्या ताब्यात. सगळ्यात वरचीच्या मागे कोणीच नसतं, त्यामुळे तिथे बसण्यावरून कायम भांडणं. खरंच भांडणं, रुसून खोलीत निघून जाण्याइतकी.

आता कोणी म्हणेल की ह्या पोरींना कसला आलाय एवढा ताण. आमची आजी म्हणायचीच. ती कोल्हापूरची, घरातले दोन-तीन जण तालमीत जाणारे, त्यामुळे अंग रगडून घ्यायचा हक्क कोणाला याबद्दल तिचं मत पक्कं होतं. पैलवानाला, बाळंतिणीला आणि बाळाला. बास. मी सुट्टीत घरी जाऊन मान दुखतीये म्हटलं की ती चष्म्यावरून बघून म्हणायची, "बसूनच हुतीस न्हवं दिसभर, मग दुखाया काय झालं तुला?"

तिचं चूक होतं असं पण म्हणवत नाही. पैलवान पहाटे उठून जोर-बैठका मारणार, मग त्या ताक-तेल-हळद घालून मुरवलेल्या लाल मातीत लढती धरणार, त्याचं अंग आंबलं तर कारण दिसतं सगळ्यांना. आमचं काहीच दिसत नाही. पण डोकं म्हणजे चार-पाच किलोचं प्रकरण आहे, ते सरळ असलं तर मणक्यावर नीट बसतं, पुढे झुकलं की मानेमागच्या स्नायूंना ते धरून ठेवायला लागतं आणि जितकं जास्त झुकाल तितका भार वाढत जातो, पार काही पटीत. आणि इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला तर झुकण्याची परीक्षाच असते. जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग ज्यांना माहितीये त्यांना लगेच कळेल. दोन खुर्च्यांवर एक काच आडवी टाकायची, खाली टेबल लॅम्प, काचेवर ज्या हुशार मुलीची ड्रॉइंगची शीट चेक होऊन आलीये ती, त्यावर आपली कोरी शीट, आणि मग रात्रभर ओणवं होऊन एकेक रेघ गिरवायची. मी केली असं म्हणत नाहीये. पण सकाळी उजाडताना त्या काचेवरून उठलेल्या माणसाची मान कशी असते ते मी जवळून पाहिलंय.

आजीला हे सगळं समजावलं नाही, समजावून उपयोगही नव्हता. ती म्हणायची तेलच नीट जिरवत नाहीस तू, आणि मग बडबडत का होईना पण वाटीत तेल कोमट करून आणायचीच. माका, ब्राह्मी, जास्वंदीची फुलं घालून कढवलेलं तेल, हिरवट-काळं, उशीचा अभ्रा कायमचा खराब करणारं. टाळूवर ओतायचं आणि पूर्ण आत जाईपर्यंत चोळत राहायचं. ते तेल मग ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडे पार्सल म्हणून पुण्याला यायला लागलं, पण तेल आलं तरी हात काही पार्सलने येत नाही ना. स्वतःच्या डोक्याला स्वतः तेल लावणं म्हणजे नुसतं एक काम उरकणं, आंघोळीच्या आधीच्या यादीतलं अजून एक.

तसं बघितलं तर आपल्याकडे जवळपास प्रत्येकाची सुरुवातच मालिशने होते. जन्मल्यावर पहिला सव्वा महिना तेल लावणाऱ्या मावशी रोज घरी येतात, पाय पसरून बसतात, आपल्याला त्या पायांवर पालथं घालतात आणि रगडून काढतात, आपण जीव तोडून रडतो आणि नंतर तीन-तीन तास झोपतो. मग पुढे आई, आजी, दर रविवारचं न्हाणं, दिवाळीच्या पहाटे पाटावर बसवून तेल-उटणं. साधारण नववी-दहावीपर्यंत कोणाचा ना कोणाचा हात डोक्यावर असतोच. मग क्लास सुरू होतो, मग बारावी, मग बाहेरगावी कॉलेज, आणि हे सगळं एकदम बंद. घरचे हात सुटलेले आणि स्वतःचं घर अजून झालेलं नाही अशी ती मधलीच चार-पाच वर्षं. परत दिवसभर निर्णय आपलेच आपण घ्यायचे, कुठली असाइनमेंट आधी, मेसचे पैसे भरायचे की प्रोजेक्टच्या सेन्सरचे, बॅक राहिली तर घरी सांगायचं कसं. अशात कोणी मागून डोकं धरून म्हटलं की गप बस आणि हलू नको, तर निम्मा शीण तिथेच जातो असं माझं मत आहे. दाबणं-चोळणं नंतरचं.

आमच्या खोलीत हे काम अमरावतीकरणीचं होतं. (नावाने कोण कोणाला हाक मारत नव्हतं, गावानेच मारायचे, मी अर्थातच कोल्हापूर.) तिचे अंगठे. काय सांगू. कवटी जिथे संपते आणि मान सुरू होते तिथे दोन्ही बाजूंना दोन खड्डे असतात, तिथे तिने दाबलं की डोळ्यांमागचं काहीतरी सुटल्यासारखं वाटायचं. पण ती रागवायची फार. "मान सैल सोड ना वं, काहून आखडून बसली तू?" आणि खरंच, मान सैल सोडणं ही सगळ्यात अवघड गोष्ट निघाली. दुसऱ्या कोणाच्या हातात डोक्याचं सगळं वजन देऊन टाकायचं म्हणजे आधी स्वतः धरून ठेवणं थांबवायला लागतं, आणि ते शरीर पटकन ऐकत नाही, आपण सैल सोडलंय असं समजतो आणि तिकडे खांदे अजून कानाला लागलेले असतात.

ती फुकट मात्र करायची नाही. पक्का व्यवहार. डोक्याला तेल म्हणजे जर्नलमधली दोन डायग्राम काढून द्यायची. मान-खांदे म्हणजे एक पूर्ण राइटअप, तिच्या अक्षरात. तळपाय ती वर्ज्य धरायची, तळपायाला रेटच नव्हता. आणि हा हिशोब मला फार सोयीचा वाटायचा, कारण "मला जरा जवळ बसवून घे, आज काही बरं वाटत नाहीये" हे वाक्य वयाच्या एकोणिसाव्या वर्षी कोणाच्या तोंडून निघत नाही, पण "डीबीएमएसच्या दोन डायग्राम देते, डोकं दाब" हे अगदी सहज निघतं. वायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरच्या सरांनी चांगलंच झापलं होतं त्या दिवशी मी तीन डायग्राम कबूल केल्या होत्या आणि तिने काही विचारलं नाही, नुसतं दुप्पट वेळ तेल लावत बसली.

मुलांची गंमत अजून वेगळी. त्यांना एकमेकांत हेही जमत नाही. तालमीत मोठ्या पैलवानाला बारकी पोरं खुशाल चोळतात, त्यात कोणाला काही वाटत नाही, पण हॉस्टेलच्या खोलीत एकाने दुसऱ्याच्या मानेला हात लावला की तिसरा लगेच व्हिडिओ काढायला उठतो. म्हणून ते सलूनमध्ये जातात आणि वरून सांगतात की कटिंगला गेलो होतो. सदाशिव पेठ-नवी पेठेत एमपीएससी करणाऱ्यांच्या अभ्यासिका गल्लोगल्ली आहेत, दिवसाचे दहा-बारा तास एकाच खुर्चीवर काढणारी मुलं, आणि तिथल्या सलूनवाल्यांना बरोबर कळतं की ह्याचे केस गेल्या पंधरवड्यातच कापलेत, हा कशाला आलाय. मी समोरच्या टपरीवर चहा पिता पिता बघितलंय, मित्र आत गेलेला आणि आम्ही बाहेर ताटकळत. ते लाल थंड तेल, मग दोन्ही तळवे जोडून डोक्यावर टपटप टपटप, भुवयांवरून अंगठे, कानाच्या पाळ्या खाली ओढणं, आणि जुना कोणी कारागीर असेल तर हाताच्या पंजावर बांधायचं ते घरघर करणारं व्हायब्रेटर. ५०-१०० रुपयांत माणूस नवीन होऊन बाहेर. मला ह्याचा मनापासून हेवा वाटायचा.

फक्त शेवटी ते हनुवटी आणि डोकं धरून मान कडाक करतात ना, ते नको. मुलांना त्या आवाजातच पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात, पण तो आवाज सांध्यातल्या द्रवात वायूचा बुडबुडा होण्याचा असतो, हाड जागेवर बसल्याचा वगैरे नाही. आणि मानेच्या मणक्यांमधून मेंदूकडे रक्तवाहिन्या जातात, अशा झटक्याने त्या आतून फाटून लकवा झाल्याच्या केसेस डॉक्टरांनी नोंदवलेल्या आहेत. क्वचित होतं हे मान्य, पण १०० रुपयांत एवढी रिस्क कशाला. दादा, मान राहू द्या, एवढंच म्हणायचं. ते ऐकतात.

मुलींसाठी असं काही नाहीच. पार्लरमध्ये गेलं तर चंपी म्हणून काही मिळत नाही, हेअर स्पा मिळतो, त्याचे हजारभर रुपये, आणि त्यात पण पहिली दहा मिनिटं ती ताई आपले केस बोटात धरून सांगत असते की मॅम किती ड्राय झालेत, मॅम स्प्लिट एंड्स बघा, मॅम टाळू दिसायला लागलीये. ताण घालवायला गेलेली मुलगी टक्कल पडायच्या भीतीने अजून एक सिरम घेऊन बाहेर येते. आणि खरंखुरं बॉडी मसाजचं स्पा वगैरे तर विसराच, परवडण्याचा प्रश्न आहेच पण घरी फोनवर "स्पाला गेले होते" म्हटलं तर पलीकडे जी शांतता पसरेल ती कोण निस्तरणार.

एक मैत्रीण अमेरिकेत एमएस करतीये, ती म्हणाली तिच्या युनिव्हर्सिटीत फायनल्सच्या आठवड्यात लायब्ररीतच मसाजवाले येतात. कपडे घालूनच, पुढे झुकून बसायची एक खुर्ची असते, त्यात तोंड खुपसायचं आणि दहा मिनिटं पाठ-खांदे दाबून मिळतात, फुकट, रांग लावून. मला आधी हसायला आलं. मग वाटलं आपल्याकडे परीक्षेआधी ऑडिटोरियममध्ये तणावमुक्तीचं दोन तासांचं भाषण ठेवतात, एसी बंद, अटेंडन्स कंपल्सरी. त्यापेक्षा ही खुर्ची काय वाईट.

आमच्या पीजीत वरच्या मजल्यावर एक बीएएमएसवाली, म्हणजे आयुर्वेदाची डॉक्टरकी शिकणारी होती, तिला ह्या सगळ्यात भारी रस. ती सांगायची की अष्टांगहृदय ह्या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात वाग्भटाने दिनचर्येत रोज अभ्यंग, म्हणजे अंगाला तेल चोळणं सांगितलंय, त्याने थकवा आणि वात जातो, आणि डोकं, कान, तळपाय ह्यांना तर विशेष करून लावा म्हणून. आम्ही खूश, हजारो डायग्रामना आता शास्त्राचा आधार. मग तिने पुढची ओळ सांगितली, की अजीर्ण झालेल्याने अभ्यंग करू नये. आता मेसची वांग्याची भाजी आणि ते चामट फुलके रोज खाणारी कुठली मुलगी ह्यात बसते? त्या नियमाने आख्खी बिल्डिंगच बाद. अमरावती म्हणाली वाग्भटाले मेस नसन माहीत, आणि तेलाची बाटली काढली. डिसेंबर होता, तेल थिजून पांढरं झालेलं, खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गेलं की थिजतंच, मग गिझरच्या बादलीत बाटली बुडवून ठेवणे हा अर्ध्या तासाचा वेगळा कार्यक्रम.

ह्याने खरंच ताण जातो का? सबमिशन तर तिथेच असतं. स्नायू थोडे ढिले पडतात, श्वास सावकाश होतो, झोप बरी लागते, हे सगळं त्या रात्रीपुरतं. बॅक राहिलेला विषय चंपीने सुटत नाही, आणि ज्याला खरंच आतून काही खातंय त्याने तेलावर भागवू नये, डॉक्टरकडे जावं. पण एक गोष्ट मी नेहमी बघितली, जिला तेल लावणं चालू आहे ती फोन फार वेळ धरू शकत नाही. डोकं मागे-पुढे हलवलं जातं, डोळे मिटतात, फोन मांडीत पडतो. लावणारीचे हात तर कोपरापर्यंत तेलकट, ती फोनला शिवूच शकत नाही. म्हणजे दोन माणसं पंधरा-वीस मिनिटं एका खोलीत बिनफोनची. काय बोलणी व्हायची त्या वेळात, बापरे. कोणाच्या घरी जमीन विकायला काढलीये, कोणाला इंजिनिअरिंग करायचंच नव्हतं, कोणाचं कोणावर काय आहे. समोरासमोर बसून हे कोणी बोललं नसतं, पण एकीचा चेहरा दुसरीला दिसतच नाही म्हटल्यावर सगळं बाहेर यायचं.

आता काशाच्या थाळीचं फूट मसाज मशीन सगळीकडे आलंय, प्रदर्शनात, मॉलमध्ये, पेठेतल्या गाळ्यात. आधी घरोघरी काशाची वाटी असायची, तळपायाला तूप लावून ती घासली की डोळ्यांची आग थांबते म्हणायचे. आता वाटीच्या जागी विजेवर गरगर फिरणाऱ्या थाळ्या. पाय ठेवायचे, वरून तेल सोडतात, आणि थोड्या वेळाने तळवे काळेकुट्ट झाले की तिथला माणूस कौतुकाने दाखवतो, बघा मॅडम किती उष्णता निघाली. कासं म्हणजे तांबं आणि कथिल, तेलात घासलं गेलं की धातूचंच काळं येतं, पण सांगून त्याचं मन कशाला मोडा. छान वाटतं हे खरं. परवा अशाच एका ठिकाणी गेले तर सहा खुर्च्यांवर सहा कॉलेजची पोरं-पोरी, पाय थाळीवर, कोणाचा हात कोणाला लागायचा प्रश्नच नाही, आणि बाराच्या बारा हात मोकळे असल्यामुळे सगळे फोनवर. एकजण तर तिथेच पीडीएफ वाचत होता. वेळ संपली की मशीन टिंग करून आपोआप थांबतं. पाय पुसायला टिश्यू देतात. एकच देतात. दुसरा मागितला तर बघतात जरा.